शर्यतीच्या मोटारींतील बैठक

वेगवान मोटारीची गोष्ट निघाली कीं सर्वांचें लक्ष यंत्राकडे जातें. ज्या बैठकीवर चालक बसतो तिच्याकडे क्वचितच कोणी पाहतो. सरळ रेषेंत पाव मैल, म्हणजे सुमारें ४०२ मीटर, धांवण्याच्या शर्यतीस ‘ड्रॅग रेसिंग’ असें म्हणतात. आपल्या महाराष्ट्रांतहि लोणावळ्यापलीकडे ॲम्बी व्हॅलीच्या विमानपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत. आमच्या परभणी जिल्ह्यांत तशी पट्टी व्हावी असा आमचा मुळींच आग्रह नाहीं. परंतु शर्यतीची बैठक कशी बसवितात हें समजून घेणें आम्हांसहि उपयोगाचें आहे.

बैल एकाएकीं थबकले कीं गाडीवान जुंवाकडे फेकला जातो, हें शेतकऱ्याच्या प्रत्येक मुलास ठाऊक आहे. मोटारींतहि तेंच घडतें, मात्र जोर भयंकर असतो. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एक दशांश सेकंदांत थांबली, तर ६० किलो वजनाच्या मनुष्याचा पुढें जाण्याचा जोर सुमारें ८५० किलोंच्या ओझ्याइतका होतो. हा जोर पट्टे, बैठक आणि तिचे बोल्ट यांनीं मिळून झेलावयाचा असतो. शर्यत सुरू होतांना याच्या उलट प्रकार होतो. चालक मागें दाबला जातो. बैठकीची पाठ लवली तर त्याचे हात चाकावरून ओढले जातात व पायहि ठिकाणावर राहत नाहीं.

म्हणून एफ्. आय्. ए. या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघानें शर्यतीच्या गाड्यांसाठीं केलेल्या नियमांत बैठकीचे आधार गाडीच्या सांगाड्यास निदान चार ठिकाणीं जखडण्यास सांगितलें आहे. बोल्ट ८ मिलिमीटरांहून बारीक नसावा. आधाराची पट्टी पोलादी असल्यास ३ मिलिमीटर, हलक्या मिश्रधातूची असल्यास ५ मिलिमीटर तरी जाड असावी. पत्र्याच्या मागील बाजूसहि तशीच पट्टी लावावी, आणि प्रत्येक ठिकाणीं तिचा स्पर्श निदान ४० चौरस सेंटिमीटर असावा.

ही मागची पट्टी कशासाठीं, असें कोणी विचारील. गाडीच्या तळाचा पत्रा पातळ असतो. त्यांतून नुसता बोल्ट व लहानसा वायसर घातला, तर आघाताच्या वेळीं बोल्ट तुटत नाहीं. तो पत्राच फाडून बाहेर येतो. चांगला शिंपी पातळ कापडावर गुंडी लावतांना मागें कापडाचा तुकडा ठेवतो, तो याच कारणास्तव. आमच्या मतें साऱ्या नियमांत हाच सर्वांत महत्त्वाचा. कारण बोल्ट वरून दिसतो, पट्टी दिसत नाहीं, आणि जें दिसत नाहीं त्यांतच कारागीर काटकसर करतो.

दुसरी गोष्ट पट्ट्यांची. बैठक हलली आणि पट्टा जागींच राहिला, तर पट्टा सैल पडतो किंवा भलत्याच ठिकाणीं रुततो. यास्तव दोहोंची तपासणी एकत्रच करावी लागते. खडबडीत रस्त्यावर हादऱ्यांनीं नट ढिले होतात, हें आमच्याकडील ट्रॅक्टर वापरणारांस सांगावयास नको.

आतां घरची गोष्ट. गेल्या पावसाळ्यांत शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या एका गाडींत आम्ही वांकून पाहिलें. मागील बांकाखालीं चार पायांपैकीं दोहोंस बोल्ट होते; एक पाय तारेनें बांधलेला होता, आणि चौथ्याखालीं वीट होती. बांक हातानें ढकलतांच सहज सरकला. त्यावर आमचीं सात मुलें रोज बसत. आम्ही पालकांस बोलावून बांक दाखविला. दुसऱ्या आठवड्यांत मालकानें चारहि बोल्ट नवे बसविले. पत्र्यामागें पट्टी मात्र त्यानें अद्याप लावलेली नाहीं. येत्या शनिवारीं आम्ही पुन्हां पाहावयास जाणार आहों.