खाऱ्या पाण्याचे घरगुती मत्स्यालय

५०० लिटरच्या टाकीत केवळ पाण्याचेच वजन ५०० किलोहून अधिक भरते. म्हणून बैठक भक्कम व सपाट असावी. दर लिटर गोड्या पाण्यास सुमारे ३५ ग्रॅम समुद्री क्षारमिश्रण घालावे. नुसते खाण्याचे मीठ चालत नाही. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया हे विष निर्माण होते. त्याचे प्रथम नायट्राइट व पुढे सौम्य नायट्रेट करणारे जीवाणू वाढण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तोवर थोडा अमोनिया घालून त्यांचे पोषण करावे, मासे सोडू नयेत. पाणी उडाले तरी क्षार मागे राहतात. म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालावी. मालवणच्या समुद्रातील प्रवाळ मात्र तोडून आणू नयेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये तो गुन्हा आहे, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी सर्वांस समजावून द्यावे.