चिठ्ठी दिली म्हणून तारांचा क्लेम मिळत नाही

दहावीची परीक्षा संपली की कल्याणातल्या दातांच्या दवाखान्यांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "डॉक्टर, तारा गरजेच्या आहेत असं लेटरहेडवर लिहून द्या, म्हणजे मेडिक्लेममध्ये बसेल." सांगणाऱ्याला ते एजंटाने सांगितलेलं असतं, नाहीतर लोकलमधल्या शेजाऱ्याने. डॉक्टर चिठ्ठी देतात, क्लेम फेटाळला जातो, आणि बोल मात्र डॉक्टरांना लागतात.

चिठ्ठी खोटी नसतेच. वरचे-खालचे दात नीट जुळत नसतील तर घास चावता येत नाही, दाटीवाटीतले दात नीट घासले जात नाहीत, हिरड्या सुजतात. गरज खरी असते. पण विमा कंपनीचा पहिला प्रश्न गरजेचा नसतोच. ती विचारते, पेशंट भरती झाला होता का? आपल्याकडची नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी मुळात भरती झाल्यावरच्या खर्चासाठी असते: किमान 24 तास, किंवा डे-केअरमध्ये मोडणारा उपचार. तारांचं काम साधारण दीड-दोन वर्षं चालतं, दर महिन्या-दीड महिन्याला खुर्चीत बसून, आणि अर्ध्या तासात पोरगं क्लासला पळतं. त्यात भरती कुठे आली?

आता चिठ्ठीवाल्यांचा हुकमी पत्ता. विमा नियामक आयआरडीएआयने 2019 मध्ये आरोग्य विम्यातल्या वगळण्यांची भाषा एकसारखी केली. त्यात रूप बदलणाऱ्या उपचारांना नकार आहे, पण अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना याला अपवाद आहे. तसाच थेट आणि तातडीचा धोका दूर करणारा, डॉक्टरांनी प्रमाणित केलेला उपचारही. लोक यातलं फक्त "डॉक्टरांनी प्रमाणित" एवढंच वाचतात! वाकडा सुळा हा तातडीचा धोका नव्हे. शिवाय हा अपवाद त्या एकाच कलमापुरता आहे. भरतीची अट तशीच राहते, आणि बहुतेक पॉलिसींत दातांच्या उपचारांवर वेगळी फुलीही असते.

"पण आरोग्य संजीवनीत तर दातांचे उपचार लिहिलेत." लिहिलेत, बरोबर. 2020 पासून मिळणाऱ्या या प्रमाणित पॉलिसीत आजार किंवा दुखापतीमुळे करावे लागणारे दंतोपचार आहेत, पण ते भरतीच्या खर्चाच्या कलमाखाली. रिक्षा उलटून जबडा फुटला तर ते कलम कामाला येईल.

यावर कोणीतरी हळूच सुचवतंच, "मग एक दिवस ॲडमिट दाखवा की." याला फसवणूक म्हणतात. उघडकीला आली तर क्लेम जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. म्हणजे उद्या आईच्या बायपासच्या वेळी हात रिकामे. तारांच्या पैशांसाठी हा जुगार कोण खेळतं, देव जाणे.

बाकीचे समज थोडक्यात. न्यू जर्सीच्या आत्तेबहिणीला पैसे मिळाले, कारण तिथे दातांचा विमा वेगळा घेतात, आणि तारांसाठी त्यातही बहुधा आयुष्यभराची एक मर्यादा असते. ब्रिटनमध्ये एनएचएस 18 वर्षांखालच्यांना तारा फुकट देते, पण दोष किती गंभीर आहे हे ठरलेल्या श्रेणीवर मोजून. दातांचं ओपीडी कव्हर विकत घेताना "ऑर्थोडॉन्टिक" हा शब्द वगळण्यांच्या यादीत आहे का, ते आधी शोधा, बऱ्याचदा सापडतो. "नो कॉस्ट ईएमआय" म्हणजे विमा नव्हे, कर्ज. व्याज कुठेतरी लपलेलंच असतं.

जबड्याचं हाड कापून बसवायची शस्त्रक्रिया मात्र वेगळी. तिला भरती व्हावं लागतं, त्यामुळे कंपनीला लेखी विचारून पाहण्यात अर्थ आहे. तिच्या आधीनंतरच्या तारांचा खर्च तरीही खिशातूनच. बाळाचा ओठ किंवा टाळू जन्मतः दुभंगलेली असेल तर विम्याच्या आधी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाकडे जा. 2013 मध्ये तो सुरू झाला तोच पालघरला, तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्यात.

आणि साध्या तारांसाठी खर्च झेपत नसेल, तर सीएसएमटीला उतरून सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय गाठा. तिथे एमडीएस करणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या नजरेखाली तारा बसवतात. खेपा बऱ्याच होतील, तेव्हा लोकलचा पास काढून ठेवा.