फंक्शनला हांक मारण्याची रीत

कर्जत या नांवाचे तालुके महाराष्ट्रांत दोन आहेत. एक अहिल्यानगर जिल्ह्यांत व दुसरा रायगड जिल्ह्यांत. म्हणूनच महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा पाहूं इच्छिणाऱ्याचें नुसतें ‘कर्जत’ म्हणून भागत नाहीं. आधीं जिल्हा, मग तालुका, मग गांव व शेवटीं गट क्रमांक, असा क्रम त्यास पाळावा लागतो. श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं हा अनुभव घेतला असेल. संगणकास प्रश्न विचारण्याची रीतहि अशीच आहे.

वेबपृष्ठामागें आज्ञांचें एक टिपण असतें. त्यास स्क्रिप्ट म्हणतात. नोंदींचा सांठा म्हणजे डेटाबेस. या सांठ्यापर्यंत जाऊन येण्याचें काम फंक्शन करतें. फंक्शन म्हणजे नेमून दिलेलें एकच काम करणारा कारकून. त्यास कोणती माहिती, किती व कोणत्या क्रमानें द्यावयाची, हें त्याच्या व्याख्येंत ठरलेलें असतें.

पीएचपी या भाषेंतील उदाहरण पाहावें. तींत पूर्वीं मायएसक्यूएल-क्वेरी हें फंक्शन होतें. त्यास प्रथम प्रश्न आणि नंतर, हवी असल्यास, डेटाबेसशीं झालेली जोडणी देत. २०१५ सालीं निघालेल्या सातव्या आवृत्तींतून तें काढून टाकण्यांत आलें. त्याची जागा घेणारें मायएसक्यूएलआय-क्वेरी मात्र प्रथम जोडणी मागतें व मग प्रश्न. नांवांत एका अक्षराची भर पडली, पण क्रम उलटा झाला. जुन्या स्क्रिप्टमध्यें केवळ नांव बदलून स्वस्थ बसणाऱ्याचें काम येथेंच अडतें.

ही चूक निदान तत्काळ दिसते. दुसरी चूक मुकी असते. समजा, गट क्रमांक ४५/२ आहे. तो दिसतो आंकडा, परंतु आहे मजकूर. कारण तिरप्या रेघेपुढील दोन हा हिस्सा होय. प्रश्नांत मूल्य बांधतांना तो पूर्णांक म्हणून दिला, तर पीएचपी ४५ एवढाच आंकडा घेतें व पुढील भाग सोडून देतें. तक्रार कोठेंहि उमटत नाहीं, आणि एकाच्या शेताऐवजीं दुसऱ्याचें शेत पडद्यावर येऊं शकतें.

तिसरी गोष्ट उत्तराची. ‘नोंद सांपडली नाहीं’ आणि ‘नोंदींपर्यंत पोंचतां आलें नाहीं’ हीं दोन उत्तरें सर्वस्वीं निराळीं. प्रश्न फसल्यास पूर्वीं फंक्शन नुसता नकार परत करी. २०२१ सालच्या ८.१ या आवृत्तीपासून तें आपण होऊन त्रुटि उभी करतें. हा भेद न पाहतां स्क्रिप्टनें सरसकट ‘नोंद नाहीं’ असें छापलें, तर पाथर्डीकडील एखादा शेतकरी जमीन कागदावरून गेली या धास्तीनें हातचें काम टाकून तहसील कचेरीची वाट धरील.

म्हणून फंक्शनला हांक मारणाऱ्यानें संख्या, क्रम व प्रकार आधीं पाहावा, आणि उत्तर हातीं येतांच तें वापरण्यापूर्वीं तपासावें. तलाठ्याच्या दप्तरांत एका तिरप्या रेघेस जें महत्त्व आहे, तेंच येथेंहि आहे.