ड जीवनसत्त्वाची मात्रा अंगी केव्हा लागते?

बोरिवलीहून खाडी ओलांडून गोराईस उतरले की उन्हाची वाण नाही, हे ध्यानी येते. वलांडीवर बोंबील वाळत घालणारी कोळीण आणि वाडीत भाजी शिंपणारा बागायतदार यांना पावसाळा वगळता ऊन भरपूर लाभते. मात्र उन्हाच्या प्रदेशात ड जीवनसत्त्वाची उणीव भासतच नाही, हा समज खरा नव्हे. मुंबईतील 25 ते 35 वर्षांच्या निरोगी व्यक्तींची पाहणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सुमारे 70 टक्के व्यक्तींमध्ये ही उणीव आढळली. घरात वा कचेरीत दिवस घालविणाऱ्यांना आणि वृद्धांना म्हणूनच पुष्कळदा डॉक्टर या जीवनसत्त्वाची गोळी देतात. परंतु कोरड्या जमिनीत टाकलेले खत जसे पिकास लागत नाही, तशीच ही मात्राही योग्य जोड नसेल तर पुरती अंगी लागत नाही.

जेवणातील स्निग्धांश

ड जीवनसत्त्व पाण्यात नव्हे, तर चरबीत विरघळते. सबब गोळी उपाशीपोटी कोऱ्या चहाबरोबर न घेता मुख्य जेवणानंतर घ्यावी. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात, स्निग्ध जेवणासोबत मात्रा घेणाऱ्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व चरबीरहित जेवणासोबत घेणाऱ्यांपेक्षा सुमारे 32 टक्के अधिक आढळले. याकरिता तुपाची धार नको. नारळाचे कालवण, अंडे किंवा तेलकट बांगडा पुरेसा होय. बांगडा व तारली यांत हे जीवनसत्त्व स्वभावतःही असते.

शरीरातील घडण

पोटात गेलेले जीवनसत्त्व प्रथम यकृतात व नंतर मूत्रपिंडात पालटून कार्यक्षम बनते. या अवयवांचा विकार असल्यास साधी गोळी अपुरी पडू शकते. या घडणीस मॅग्नेशियम लागते. ते कडधान्ये, पालेभाज्या व नाचणी यांतून मिळते. हाडांच्या बळकटीसाठी कॅल्शियमही हवे. नाचणी, दूध आणि काट्यांसह खाल्ली जाणारी बारीक मासळी ही त्याची सुलभ साधने आहेत.

स्थूल व्यक्तींच्या रक्तात तेवढ्याच मात्रेने कमी वाढ दिसते. फेफऱ्यावरील फेनिटॉइन व क्षयावरील रिफॅम्पिसिन ही औषधे या जीवनसत्त्वाचा लवकर ऱ्हास घडवितात. ती चालू असल्यास डॉक्टरांस अवश्य सांगावे; मात्र आपल्या मनाने ती बंद करू नयेत.

मात्रेची मर्यादा

प्रौढ माणसास दररोज सुमारे 600 युनिट पुरतात. बाजारातील 60,000 युनिटांची पुडी वा गोळी म्हणजे शंभर दिवसांचा साठा होय. ती बहुधा आठवड्यातून एकदाच आणि ठरावीक आठवडेच घ्यावयाची असते. लवकर गुण यावा म्हणून ती रोज घेणे धोक्याचे आहे. त्यामुळे रक्तात कॅल्शियम वाढून मळमळ, अतितहान व बद्धकोष्ठ होते आणि मूत्रपिंडास कायमची इजा पोहोचू शकते.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांच्या गोळीचा वार दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा, ती जेवणानंतरच द्यावी आणि मुदत संपताच डॉक्टरांस दाखवावे. पिकाला खत वेळेवर व बेताने देणाऱ्या शेतकऱ्यास हा नियम पाळणे अवघड नाही.