पहिलं रबर पारखून घ्या

आमच्या खामगावात चांदी पारखून घेतात. टेबल टेनिसच्या बॅटचं रबर मात्र किंमत पाहून घेतलं जातं. मीही मुलाला महागडं, जाड स्पंजाचं वेगवान रबर आणून दिलं. चेंडू सारखा टेबलाबाहेर! महिनाभरात त्यानं खेळणंच सोडलं. चूक माझी होती.

नियमानुसार स्पंजासह रबराची जाडी ४ मिलिमीटरपर्यंत चालते, नवशिक्याला १.५ ते १.८ मिलिमीटरचा स्पंज पुरतो. वरून गुळगुळीत, साधं रबर घ्या. चेंडू त्यावर दाबून फिरवा. घसरला नाही, तर पकड चांगली. खेळून झाल्यावर ओलसर फडक्यानं पुसा, उन्हापासून जपा. झिजलं की बॅट तीच ठेवून रबर तेवढं बदला.

आधी चेंडू टेबलावर पडू द्या. वेग मागाहून येईल.