ऐकत नाही, की ऐकू येत नाही?

'हा मुलगा मुळीच ऐकत नाही!' ही तक्रार घरोघरी असते. आपण तिचा अर्थ हट्टीपणा असाच घेतो. कानाचा विचार फार उशिरा मनात येतो.

आम्हा शिक्षकांना अशी मुले दरवर्षी भेटतात. समोर उभे राहून बोलले की त्यांना कळते, कारण ती ओठांकडे पाहतात. फळ्याकडे तोंड करून बोलले की गोंधळतात. श्रुतलेखनात 'सात'चा 'हात' होतो. स, श, फ यांचा आवाज बारीक आणि उंच पट्टीचा असतो. ऐकणे कमी होऊ लागले की बहुधा हेच आवाज आधी निसटतात, स्वर मात्र ऐकू येतात. म्हणून वयस्कर माणसे म्हणतात, "आवाज येतो, शब्द कळत नाहीत."

हा दोष मुख्यतः दोन प्रकारचा असतो. कानात मळ, सर्दीनंतर पडद्यामागे साचलेले पाणी, फाटलेला पडदा किंवा वाहता कान असेल, तर उपचाराने बरेचदा फरक पडतो. आतल्या कानातील केसांसारख्या नाजूक पेशी नष्ट झाल्या, तर त्या पुन्हा तयार होत नाहीत. वाढते वय, मोठा आवाज, मेंदूज्वर, गालगुंड, काही औषधे ही त्याची कारणे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंतच सुरक्षित आहे. आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने घटते. कानात इअरफोन घालून झोपणाऱ्या आपल्या मुलांना हे सांगायला हवे.

बाळाच्या कानात आपण अजान देतो. त्याच दिवसांत त्याच्या कानांची तपासणीही करून घ्यावी. बाळ झोपलेले असताना, काही मिनिटांत, न दुखता ती होते. टाळीला दचकले म्हणजे ऐकू येते, असे समजू नये. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. कारण बाळ ऐकूनच बोलायला शिकते आणि गेलेले महिने परत येत नाहीत.

घरातल्या अब्बांकडे, दादीकडेही पाहा. टीव्हीचा आवाज वाढतो, दस्तरखानावर सगळे हसून झाल्यावर ते हसतात, मग हळूहळू बैठकीत येणेच सोडतात. आपण म्हणतो, वयामुळे चिडचिडे झाले. अशा वेळी ओरडू नये, ओरडल्याने शब्द आणखी बिघडतात. समोर, उजेडात, सावकाश बोलावे. कळले नाही तर तेच वाक्य वेगळ्या शब्दांत सांगावे.

कानात काडी किंवा गरम तेल घालू नये. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. एरवी जिल्हा रुग्णालयापासून सुरुवात करावी. मुंबईत वांद्र्याला, महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था 1983 पासून याच कामासाठी आहे.

चष्म्याला आपण नाव ठेवत नाही. मुलीच्या कानाला यंत्र लागले की मात्र स्थळाच्या काळजीने ते ओढणीखाली लपवतो, किंवा लावतच नाही. त्यात तिचा अभ्यास बुडतो, बोलणे खुंटते. यंत्र दिसले तर चार लोक बोलतील. न लावल्यास तिला कुणाचेच बोलणे नीट कळणार नाही.