अधिष्ठान आणि वीर्य : व्यक्तिगत ध्येयाचा धम्ममार्ग

तृष्णा हे दुःखाचे मूळ आहे, ही तथागतांची शिकवण आपण विहारात वारंवार ऐकतो. त्यामुळे काही उपासक-उपासिकांच्या, विशेषतः शिक्षण घेणाऱ्या तरुणांच्या मनात एक शंका उत्पन्न होते. परीक्षा उत्तीर्ण व्हावी, योग्य पद मिळावे, स्वतःचे घर व्हावे, असे ध्येय बाळगणे ही तृष्णाच नव्हे काय? शंका प्रामाणिक आहे आणि तिचे उत्तर पाली वाङ्मयातच आहे.

पालीत इच्छेसाठी एकच शब्द नाही. ‘तण्हा’ म्हणजे उपभोगाची आसक्ती. एक वस्तू मिळताच ती दुसरी मागते. ‘छन्द’ म्हणजे काही करण्याची इच्छा. ती कुशल कर्माकडे वळली की तिला ‘कुशल छन्द’ म्हणतात. डॉक्टर म्हणून समाजात मिरवावे ही तृष्णा होय. रोग्याची सेवा करता यावी म्हणून वैद्यकशास्त्र शिकावे हा कुशल छन्द होय. दोघांचा अभ्यासक्रम एकच असेल. परंतु पहिल्याचे ध्येय लोकांच्या वाहवेवर उभे असल्याने एका अपयशाने ते कोसळते. दुसऱ्याचे कार्य मात्र अपयशानंतरही शिल्लकच असते, म्हणून तो पुन्हा उभा राहतो.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दहा पारमितांचे विवेचन केले आहे. त्यांत अधिष्ठान म्हणजे ध्येय गाठण्याचा दृढनिश्चय आणि वीर्य म्हणजे हाती घेतलेले कार्य माघार न घेता सर्व सामर्थ्यानिशी करणे. या दोन पारमिता वेगळ्या सांगितल्या आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. निश्चय एका दिवसात होतो. वीर्य मात्र रोज नव्याने जागवावे लागते. आपल्यापैकी अनेकांचे संकल्प निश्चयाच्या अभावी नव्हे, तर वीर्याच्या अभावी अपुरे राहतात.

याचे उत्तम उदाहरण बाबासाहेबांच्या चरित्रातच आहे. १९१६ साली त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. त्यांनी ध्येय बदलले नाही, साधने बदलली. १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथील वेतनातून केलेली बचत, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडील उसनी रक्कम यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम. एस्सी. झाले. डी. एस्सी.चा प्रबंध त्यांना सुधारून पुन्हा सादर करावा लागला. तो त्यांनी केला आणि १९२३ साली ती पदवी मिळवली. पुढे १९३५ साली येवले येथे केलेली धर्मांतराची घोषणा १९५६ साली नागपूर येथे प्रत्यक्षात आली. मधली २१ वर्षे अध्ययनाची आणि समाजाला सिद्ध करण्याची होती. दीर्घ ध्येयात विलंब म्हणजे पराभव नव्हे.

वीर्य रोज कसे जागवावे, यासाठी तथागतांनी चार इद्धिपाद, म्हणजे सिद्धीचे चार आधार, सांगितले आहेत.

पहिला छन्द. आपण हे कशासाठी करीत आहोत, याचे उत्तर एका वाक्यात देता आले पाहिजे. ज्याला ते देता येत नाही, त्याने ध्येय शेजाऱ्याकडून उसने घेतले आहे असे समजावे.

दुसरा वीर्य. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथील आपल्या वस्त्यांत एका खोलीत पाच-सहा माणसे राहतात आणि कामावर जाण्यायेण्यातच दोन-तीन तास संपतात. अशा स्थितीत रोज सहा तास अभ्यासाचा संकल्प आठवड्यातच मोडतो. पहाटेचा एक तास, पण तो न चुकता, हे खरे वीर्य. १९४६ साली सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग बाबासाहेबांनी सकाळच्या वेळी ठेवले, ते नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणूनच.

तिसरा चित्त, म्हणजे एकाग्रता. एका वेळी एकच प्रमुख ध्येय असावे.

चौथा वीमंसा, म्हणजे परीक्षण. याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. परीक्षेत अपयश आले की एक तरुण स्वतःला नालायक ठरवतो आणि दुसरा नशिबाला दोष देतो. दोघेही परीक्षण टाळतात. यांपैकी नशिबाची भाषा आपल्यासाठी विशेष घातक आहे. जन्माने ठरलेल्या स्थितीत समाधान माना, हे ज्या व्यवस्थेने आपल्या पूर्वजांना शिकवले, तिचेच ते अवशेष आहेत. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त बाबासाहेबांनी नाकारला. म्हणून कोणता विषय कच्चा राहिला, वेळ कोठे गेला, मार्गदर्शन कोणाचे घ्यावे, हे प्रश्न विचारणे हाच धम्माचा मार्ग होय.

मात्र वीर्याचाही अतिरेक होऊ शकतो. सोण कोळिविस हा श्रीमंत घरातील सुकुमार तरुण भिक्खू झाला. चंक्रमण करताना त्याच्या पायांतून रक्त वाहू लागले, तरी फळ मिळेना. तेव्हा घरी परतण्याचा विचार त्याच्या मनात आला. तथागतांनी त्याला वीणेविषयी विचारले. तारा फार ताणल्या तर सूर नीट लागत नाही, सैल सोडल्या तरी लागत नाही. झोप आणि आहार सोडून अभ्यास करणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनीही ही कथा ध्यानात ठेवावी.

संकल्पाला काळाची मर्यादा आणि सोबत्यांचा आधार लागतो. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा या वर्षावासाच्या तीन महिन्यांत आपल्या विहारांतून बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन चालते. एकट्याने कदाचित अपुरा राहिला असता असा ग्रंथ सर्वांच्या उपस्थितीत पूर्ण होतो. याच काळात प्रत्येकाने एक व्यक्तिगत संकल्प करावा, तो दोन धम्ममित्रांना सांगावा आणि दर पौर्णिमेला त्याचा आढावा घ्यावा. बोरिवलीजवळची कान्हेरी लेणीही अशीच घडली. शंभराहून अधिक लेणी शतकानुशतके कोरली गेली. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी, गृहस्थांनी आणि भिक्खुनींनी दाने दिली. कोणी लेणे दिले, कोणी पाण्याची पोढी. कोणाही एकाचे दान पुरेसे नव्हते, पण कोणाचेही वाया गेले नाही.

शेवटी एक गोष्ट विसरता कामा नये. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयीची आपली व्यथा बोलून दाखवली होती. ध्येय गाठल्यावर मागे वळून न पाहणाऱ्याचा छन्द कोठेतरी तृष्णेत बदललेला असतो. ज्याला पद मिळाले, त्याने वस्तीतील एका तरी मुलाच्या पहाटेच्या तासाची जबाबदारी घ्यावी. आपल्या व्यक्तिगत ध्येयाची धम्माच्या दृष्टीने हीच खरी कसोटी आहे.